आमची बेंजोवाली कव्वाली

'मला सुफी म्युझिक फार आवडतं' असं कुणी म्हटलं की मी हल्ली एकच प्रश्न विचारतो. अझीझ नाझां ऐकलेत का? समोरचा आधी हसतो. मग 'ते वेगळं हो' म्हणतो. काय वेगळं, असं खोदून विचारलं की उत्तर येतं, 'ते जरा हे असतं... बस स्टँडवरचं.'

हे उत्तर मी नांदेडला प्राध्यापकांकडून ऐकलंय, लातूरला डॉक्टरांकडून ऐकलंय आणि माझ्या घरातही ऐकलंय. पुण्यात शिकणारा भाचा सुट्टीत आला होता. गाडीत मी अब्दुल रब चाऊश लावले, तर म्हणाला, "मामू, ये क्या लगाए? कुछ सूफी लगाओ ना." त्याच्या फोनमध्ये नुसरत फतेह अली खान होते, आबिदा परवीन होत्या, कोक स्टुडिओ होता. सगळं उत्तम, मलाही आवडतं. पण त्याचे आजोबा, म्हणजे माझे वडील, कंधारच्या उरुसाला ट्रकच्या टपावर बसून ज्यांना ऐकायला जायचे ते हेच लोक होते, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मी ज्या कव्वालीबद्दल बोलतोय ती ही अशी. मोकळ्या मैदानात तंबू. समोरासमोर दोन पार्ट्या, बहुतेक वेळा एकीकडे पुरुष कव्वाल आणि दुसरीकडे बाई. हार्मोनियम, ढोलक, बेंजो आणि मागे टाळी देणारे हमनवा. पोस्टरवर 'कव्वालीचा जंगी मुकाबला' असं लिहिलेलं. तिला अभिजात संगीतवाले संगीत मानत नाहीत, उर्दू अदबवाले शायरी मानत नाहीत आणि मराठी साहित्यवाले मराठी मानत नाहीत. आता उरूस कमिट्यांनाही ती नकोशी झाली आहे. आमच्या भागातल्या एका कमिटीनं यंदा ठरवलं, 'कव्वाली बंद, त्याऐवजी लायटिंग वाढवू.' म्हणून हे लिहायला बसलो.

पहिला आक्षेप असा, की ही खऱ्या कव्वालीची बिघडलेली आवृत्ती आहे. म्हणजे दिल्लीत अमीर खुसरोंनी एक पवित्र गोष्ट घडवली, ती घसरत घसरत मुंबईच्या फॉकलंड रोडला आणि तिथून आमच्या देगलूर नाक्याला येऊन पडली. हा इतिहास ऐकायला सोयीचा आहे. पण मंचावरची मुकाबल्याची कव्वाली मुंबईत मोठी झाली, आणि ज्यांनी ती मोठी केली त्यांची नावं पाहा. इस्माईल आझाद, १९५८च्या 'अल हिलाल' सिनेमातली त्यांची कव्वाली गावोगाव पोचली. त्यांच्या पार्टीत टाळी देत शिकलेले अझीझ नाझां, मुंबईत राहिलेल्या मलबारी मुसलमान घरातले. १९७४च्या 'फाइव्ह रायफल्स'मधली त्यांची दारूवरची कव्वाली आजही वरातीत वाजते. आणि उगवता सूर्य हळूहळू मावळतोच, हे सांगणारी त्यांची जी कव्वाली प्रत्येक एसटी कँटीनमध्ये वाजली, ती लिहिली होती कैसर रत्नागिरवी यांनी. रत्नागिरवी! कोकणाचं नाव तखल्लुसात मिरवणारा शायर, केरळचं मूळ असलेला गायक आणि ऐकणारे आम्ही निजामाच्या जुन्या मुलुखातले. यात दिल्ली कुठे आहे? ही बिघडलेली दिल्ली मानण्यापेक्षा घडलेली मुंबई का मानू नये?

मला तर तिचं नातं कलगी-तुऱ्याशी जास्त जवळचं वाटतं. मराठी वाचकाला कलगी-तुरा सांगायची गरज नाही. शिव मोठा की शक्ती, या वादावर दोन फड रात्रभर एकमेकांना कोडी घालायचे. माळवा-राजस्थानाकडे तर सांगतात, की ही परंपरा तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाह अली नावाचा फकीर यांच्या वादातून निघाली. आता मुकाबल्याची कव्वाली ऐका. एक पार्टी विचारते, अशी कोणती कबर, जी आतल्या माणसाला पोटात घेऊन फिरत होती? जो जिवंत होता आणि जिची जागा ठरलेली नव्हती? समोरची पार्टी दहा मिनिटं फिरवते, चार शेर टाकते, टोमणे मारते आणि मग सांगते: हजरत युनूसना गिळणारा मासा. हे भेदिक शाहिरी नाही तर काय आहे? भाषा फक्त उर्दू, आणि तीही आमची दख्खनीकडे झुकलेली. मी लातूरच्या मार्केट यार्डातल्या एका हमालाला पाहिलंय, कव्वालाच्या आधी त्यानं उत्तर ओरडून सांगितलं आणि अख्खा तंबू त्याच्याकडे वळून पाहायला लागला. शाळा दुसरीतच सुटलेला माणूस. त्या रात्री लातूर पॅटर्नमध्ये पहिला आला.

गंमत म्हणजे टीकाकारांचा सगळ्यात जास्त राग बेंजोवर असतो. 'हार्मोनियम-तबल्यापर्यंत ठीक होतं, तो बेंजो आला आणि वाट लागली.' आपल्याकडे ज्याला बेंजो म्हणतात तो अमेरिकेतला बँजो नव्हे, टाइपरायटरसारख्या बटणांचा बुलबुल तरंग. त्याचं मूळ जपानी. १९१२च्या सुमारास नागोयात ताइशोगोतो नावाचं वाद्य निघालं, ते फिरत फिरत इकडे आलं. परदेशी आहे, मान्य. पण हार्मोनियम कुठली? ती एकोणिसाव्या शतकात युरोपातून आली. आणि तिलाही शुद्धतावाद्यांनी सोडलं नव्हतं. ऑल इंडिया रेडिओनं १९४०मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१पर्यंत टिकली. कारण काय, तर ती भारतीय गाण्याला शोभत नाही, मींड निघत नाही. तीस वर्षं जी पेटी रेडिओला अशुद्ध होती, ती आज शुद्धतेची खूण झाली आहे. बेंजोला थोडा वेळ द्या.

मागे गेलो तर आणखी पंचाईत आहे. हजरत निजामुद्दीन औलियांनी समासाठी ज्या अटी सांगितल्याचं चिश्ती ग्रंथांत नोंदलंय, त्यात वाद्यं नकोतच. गाणारा प्रौढ पुरुष हवा, ऐकणारा अल्लाहच्या आठवणीत हवा, शब्द हलके नकोत. या कसोटीला कोक स्टुडिओही उतरत नाही आणि दर्ग्यातली हार्मोनियमवाली 'असली' कव्वालीही उतरत नाही. आणि त्याच निजामुद्दीनांना त्या काळातल्या कडव्या मंडळींनी गियासुद्दीन तुघलकाच्या दरबारात उभं केलं होतं, समा ऐकता म्हणून. त्यांचे मुरीद बुऱ्हाणुद्दीन गरीब दख्खनेत आले, १३३७मध्ये गेले, खुलताबादला त्यांची मजार आहे. त्यांच्या मंडळींची समामध्ये झुलण्याची तऱ्हा इतकी वेगळी होती, की तिला त्यांच्याच नावानं ओळखलं जायचं. तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली असतीलच. म्हणजे आमच्या मराठवाड्याला हे भांडण सातशे वर्षांचं आहे. दर पिढीत कालची बदनाम गोष्ट आजची परंपरा होते आणि मग तिच्या नावानं आजच्या गोष्टीला बदनाम करतात.

उर्दूच्या अदबी लोकांचं म्हणणं वेगळं. 'ही तुकबंदी आहे, मीटर ढासळतं, ज्याला काफ आणि काफमधला फरक कळत नाही तो गालिब म्हणतो.' देवनागरीत लिहिल्यामुळे वरच्या वाक्यातला विनोद तुम्हाला कळणार नाही, पण आम्हा दख्खनी बोलणाऱ्यांना तो रोज ऐकावा लागतो. आमच्या जिभेवर काफचा 'ख' होतो म्हणून. या मंडळींना मी वलीची आठवण देतो. वली औरंगाबादचा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचा दीवान दिल्लीत पोचला, तेव्हा फारसीत लिहिणाऱ्या दिल्लीकरांना कळलं की या बोलीतही गझल होते. दख्खनी तेव्हाही गावंढळच होती.

शिवाय तुकबंदी म्हणून ज्याला हसतात, त्यात काय कसब असतं ते एकदा शांतपणे पाहा. कव्वाल एक ओळ धरतो. ती पुन्हा पुन्हा फिरवतो. मधेच दुसऱ्याच कुठल्या शायराचा शेर, दोहा, एखादी म्हण अशी आणून बसवतो, की ती त्या ओळीचाच भाग वाटावी. याला गिरह लावणं म्हणतात. गिरह म्हणजे गाठ. नुसरतसाहेबांनी हीच गाठ मारली की समीक्षक पानंच्या पानं लिहितात. आमचा कव्वाल तीच गाठ कंदिलाच्या... नाही, आता हॅलोजनच्या उजेडात मारतो, समोर दोन हजार लोक बसलेले, त्यातले पाचशे दमलेले, पन्नास प्यालेले, आणि विरोधी पार्टी चूक शोधायला टपलेली. चुकला तर तिथल्या तिथे हुर्यो. त्यात मधेच माईक ओढून कुणीतरी जाहीर करतो, 'फलाने भाई की तरफ से पचास रुपये', आणि कव्वालाला फलाने भाईंचं नाव त्याच चालीत, त्याच काफियात बसवून सलाम करावा लागतो. हे ज्याला सोपं वाटतं त्यानं करून पाहावं. वजनात.

अल्ताफ राजावर नव्वदच्या दशकात सगळ्यात जास्त हसलं गेलं. लातूरच्या गंजगोलाईत, जिथे सोळा रस्ते येऊन मिळतात, तिथे तेव्हा सोळाही रस्त्यांवर त्याचीच कॅसेट वाजत होती. तो कव्वालांच्या घरातला. वडील इब्राहिम इक्बाल, आई राणी रूपलता, दोघं मंचावरचे नावाजलेले. त्याच्या एका गाण्यात प्रेमाची गोष्ट जानेवारी, फेब्रुवारी करत महिन्यामहिन्यानं पुढे सरकते. लोक हसले, कॅलेंडर गातोय म्हणून. पण महिन्यामहिन्यानं विरह मोजायची ही रीत बारामाशाची आहे. उर्दूत सतराव्या शतकात मुहम्मद अफजलनं 'बिकट कहानी' याच रीतीनं लिहिली, आणि ती विद्यापीठात शिकवतात. सावनच्या जागी मार्च आला एवढाच फरक. ट्रकवाल्याचं वर्ष चैत्रापासून सुरू होत नाही, त्याला परमिट आणि पासिंगची तारीख इंग्रजी महिन्यातच येते.

मी हे सगळं सांगून 'बघा, आतून हे उच्चच आहे' असं सिद्ध करतोय, असा समज होऊ शकतो. तसं नाही. यात पुष्कळ माल टाकाऊ आहे. सत्तरच्या दशकात दारूच्या कव्वाल्यांची लाट आली, त्यातल्या बऱ्याच एका रात्रीत शिळ्या झाल्या. मर्द-औरत मुकाबल्यात बायकांना उद्देशून जे काही म्हटलं जातं, ते मुलीला शेजारी बसवून ऐकवत नाही. माझी बायको तर म्हणते, 'तुम्हाला यात कला दिसते कारण शिव्या तुम्हाला नाहीत.' तिचं म्हणणं मी खोडून काढू शकलेलो नाही. एवढंच म्हणेन, की त्याच मंचावर बाई उत्तर देते. भर तंबूत, दोन हजार पुरुषांसमोर, हातात माईक घेऊन, पुरुषाच्या खोट्या मर्दानगीची चिरफाड करते, आणि लोक तिच्या बाजूनं पैसे टाकतात. शकीला बानो भोपाळी या वाटेवर पहिल्यांदा ठामपणे चालल्या. १९८४च्या भोपाळच्या वायुकांडात त्यांच्या आवाजाचं कायमचं नुकसान झालं, २००२मध्ये गेल्या. त्यांच्यानंतर प्रभा भारती, रशिदा खातून. मराठवाड्यातल्या आमच्या सार्वजनिक जीवनात मुसलमान बाईनं पुरुषाला सर्वांसमोर हरवावं, अशी दुसरी कोणती जागा होती? मला एकही आठवत नाही. सुफी फेस्टिव्हलच्या पांढऱ्या गाद्यांवर तर हे होणारच नाही, तिथे सगळे आधीच एकमेकांशी सहमत असतात.

दीनदार मंडळींच्या आक्षेपाला मी या यादीत धरत नाही. संगीतच जायज नाही असं जो मानतो आणि तसं जगतो, त्याच्याशी माझा मतभेद आहे, तक्रार नाही. तक्रार त्याच्याशी आहे, जो मुलाच्या वरातीत डीजे लावतो, भिंती हादरवतो आणि उरुसातल्या कव्वालीला बिदअत म्हणतो. त्याला गाण्याचा त्रास नाही. गाणाऱ्याच्या गरिबीचा आहे. आमच्यात थोडा पैसा आला, मुलं इंजिनिअर झाली, दोन मजली घरं झाली. मग बेंजोचा आवाज आपल्याला परत पत्र्याच्या घरात नेतो अशी भीती वाटते. हे मी समजू शकतो. उस्मानशाही मिलच्या भोंग्यावर उठणाऱ्या बापाची मुलं आपण. पण मिल बंद पडली म्हणून तिथल्या माणसांची करमणूकही हलकी होती असं ठरवायचं काय कारण?

आणि हे फक्त मुसलमानांचं गाणं नाही, ही गोष्ट तर आमच्यातल्या शहाण्यांना आणि बाहेरच्या शहाण्यांना, दोघांनाही दिसत नाही. १४ एप्रिलच्या आसपास नांदेड-लातूरच्या कुठल्याही भीमनगरात जा. भीमगीतं ज्या थाटात उभी राहतात, ती टाळी, ती ओळ फिरवण्याची रीत, तो सवाल-जवाब, सगळं कव्वालीचं. प्रल्हाद शिंदे आपल्याला विठ्ठलाच्या गाण्यांमुळे माहीत, पण ते मुळात कव्वाल. विठ्ठल उमपांच्या गळ्यात शाहिरी होती, तशीच कव्वालीही होती. वामनदादा कर्डकांची गाणी गाणाऱ्या कितीतरी पार्ट्यांत ढोलकवाला मुसलमान असायचा आणि उरुसातल्या पार्टीत बेंजोवाला बौद्ध. माझ्या ओळखीचा एक बेंजोवाला वर्षभराचं गणित असंच मांडायचा: फेब्रुवारीत परभणीचा तुराबुल हक साहेबांचा उरूस, एप्रिलमध्ये जयंती, मग लग्नसराई, मग ज्या महिन्यात येईल त्या महिन्यात कंधार आणि लातूरच्या सुरतशाहवलींचा उरूस. त्यानं कधी धर्मनिरपेक्षतेवर भाषण ऐकलं नसेल. त्याला तारखा पाठ होत्या. आता तो ई-रिक्षा चालवतो. जयंतीलाही डीजे आला, उरुसालाही लायटिंग आलं.

यात एक भाग कायद्याचाही आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री दहानंतर भोंगा बंद. सणासुदीला बारापर्यंत सूट देता येते, तीही वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस. नियम योग्यच आहे. आजारी माणसाला, परीक्षेच्या पोरांना झोप हवी. पण त्यानं कव्वालीचं काय झालं ते पाहा. इशाची नमाज, जेवण, मग माणसं जमणार साडेनऊला. आधी हम्द, मग नात, मग बुजुर्गांची मनकबत, हे चुकवता येत नाही. मुकाबला तापायला लागतो तेव्हा साडेअकरा झालेले असतात, आणि हवालदार घड्याळ दाखवत स्टेजच्या पायरीवर उभा असतो. पूर्वी खरं गाणं रात्री दोननंतर व्हायचं. पोरं झोपलेली, हौशे उठून गेलेले, कव्वालाचा गळा मोकळा झालेला. तेव्हा टवाळी संपायची आणि तो मरणावर, मातीवर, खाली हात जाण्यावर गायला लागायचा. ते ऐकायला लोक थांबायचे. सूर्य मावळण्याची ती कव्वाली पहाटे ऐकल्याशिवाय कळत नाही, आणि ती पहाटच आता कायद्यानं नाही. आज जे लोक फक्त पहिल्या दोन तासांची थट्टामस्करी ऐकून 'हे काय गाणं' म्हणतात, त्यांचा दोष निम्माच आहे.

तमाशालाही याच नियमानं मारलं. पण लावणीच्या मागे निदान कुणीतरी उभं राहिलं. आमच्याच जिल्ह्यात लोह्याजवळ माळेगावला खंडोबाची जत्रा भरते, तिथे सरकारी मंडपात लावणी महोत्सव होतो, पुढारी फेटे बांधून पहिल्या रांगेत बसतात. याच लावणीबद्दल पन्नास वर्षांपूर्वी काय बोललं जायचं ते जुन्या माणसांना विचारा. आता शहरातल्या एसी नाट्यगृहांत मध्यमवर्गीय बायका तिकीट काढून लावणी बघतात आणि ते चांगलंच झालं. माळेगावपासून कंधार किती लांब आहे? एकाच जिल्ह्यात, शेजारचे तालुके. एका गावच्या जत्रेतली बदनाम कला लोककला झाली, दुसऱ्या गावच्या उरुसातली अजून बदनामच आहे. लावणीला सरकारनं उचललं हे खरं, पण आधी तिला आपलं म्हणणारे मराठी लेखक, कलावंत, अभ्यासक पुढे आले होते. आमच्या कव्वालीच्या बाबतीत आम्हीच मागे सरकलो आहोत. मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९०मध्ये सोलापुरात सुरू झालं. तेव्हापासून आपण मराठी मुसलमानांचं वेगळेपण शोधतोय, संतकवी शेख महंमद वाचतोय, अमर शेखांचं नाव घेतोय. घ्यायलाच हवं. पण जे वेगळेपण आपल्या बापांनी ट्रकच्या टपावर बसून ऐकलं, ते परिसंवादात कधी येत नाही.

तर कमिटीवाल्यांना माझं म्हणणं साधं आहे. पंधरा दिवसांची यादी जिल्हाधिकारी ठरवतात, त्यांच्याकडे उरुसाची एक रात्र मागून घ्या. बारापर्यंत तर बारापर्यंत. हम्द मगरिबनंतर लगेच सुरू करा, म्हणजे मुकाबल्याला दीड तास तरी मिळेल. भोंगे चार दिशांना टांगण्यापेक्षा तंबूपुरता आवाज ठेवा, शेजारीही शिव्या देणार नाहीत. पार्टी मुंबईचीच हवी असं नाही, जालना, परभणी, हिंगोलीकडे अजून गाणारे आहेत, आणि लायटिंगच्या बिलात दोन पार्ट्या येतात, मी हिशोब केलाय. नव्या पोरांना बोलवायचं असेल तर रेकॉर्डिंग करून घाला त्यांच्या फोनमध्ये, पण पोस्टरवर सुफी नाइट लिहू नका. जंगी मुकाबलाच लिहा. परवानगीचा अर्ज बराच आधी द्यावा लागतो. तो मी लिहून ठेवलाय, त्यावर अध्यक्षांची सही तेवढी बाकी आहे.